समोर उभा तोही मीच: आपलंच दुसरं रूप दिसतं तेव्हा मेंदूत काय चालतं

रात्रीच्या पाळीची वीज असली की रावेर-यावलकडच्या केळीबागांत पाणी भरणारा माणूस पहाटेपर्यंत जागा असतो. अशा एखाद्या रात्रीनंतर कुणी घरी येऊन सांगतं, "बांधावर मला मीच उभा दिसलो." ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चकवा लागला, बाहेरचं आहे, भगताला दाखवा. दुसरा म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय. दोन्ही उत्तरांनी त्या माणसाचं तोंड बंद होतं आणि पुढच्या वेळी तो काही सांगतच नाही. खरं नुकसान इथे होतं. नेमकं काय दिसलं, कुठे दिसलं, त्या वेळी "मी" कुठे होतो, हे तपशील डॉक्टरला मेंदूतल्या जागेपर्यंत नेऊ शकतात.

आधी एक साधा प्रश्न. तुम्ही तुमच्या शरीरात आहात हे तुम्हाला कशावरून कळतं? हे कधी मुद्दाम ठरवावं लागत नाही, म्हणून ते आपोआप मिळालेलं वाटतं. प्रत्यक्षात मेंदू क्षणाक्षणाला याचा हिशेब मांडत असतो. त्यासाठी त्याच्याकडे चार बाजूंनी खबर येते. डोळे सांगतात हातपाय कुठे दिसतायत. कातडी सांगते कुठे स्पर्श झाला. स्नायू आणि सांधे सांगतात कोपर किती वाकलंय, मान कुठे वळलीय. चौथी खबर आतल्या कानातून येते. तिथे प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि चुन्याचे बारीक कण असलेल्या दोन पिशव्या असतात. डोकं कुठल्या बाजूला फिरलं आणि खाली कुठे, वर कुठे, हे त्यांच्यामुळे कळतं.

जमिनीची मोजणी करणारा कसा एकाच दगडावर विसंबत नाही, दोन-तीन खुणा जुळवतो आणि मग हद्द ठरवतो, तसंच हे. खुणा जुळल्या की "मी इथे" ही हद्द पक्की होते. एखादा दगड कुणी हलवला असेल तरी मोजणी होतेच, नकाशाही नीट येतो, फक्त हद्द भलत्या जागी पडते. मेंदूचंही असंच होतं. खबर चुकीची आली किंवा चारही खबरा जुळवणारी जागा बिघडली तर मेंदू "मला कळत नाही" असं सांगत नाही. तो चुकीचं उत्तर तितक्याच खात्रीने देतो. म्हणून ज्याला असा अनुभव येतो त्याला तो स्वप्नासारखा धूसर वाटत नाही, अगदी खरा वाटतो. तो खोटं बोलत नसतो.

स्नायू-सांध्यांची खबर बंद पडली तर काय होतं हे इंग्लंडमधल्या इयान वॉटरमन यांच्यामुळे जगाला कळलं. 1971 साली, वयाच्या 19व्या वर्षी, एका आजारानंतर त्यांची मानेखालची स्पर्शाची आणि हालचालीची जाणीव गेली. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठे आहे ते कळत नव्हतं. पुढे ते केवळ नजरेच्या जोरावर चालायला शिकले, आणि दिवा गेला की कोसळायचे. एक खुण गेली, तिच्या जागी दुसरी लावली, आणि ती दुसरी अंधारात चालेना.

घरच्या घरी करून बघा

हा हिशेब किती सहज फसतो हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. 1998 मध्ये मॅथ्यू बोट्विनिक आणि जोनाथन कोहेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी रबरी हाताचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो आपल्याकडच्या सामानात होतो.

डाव्या हाताचा रबरी हातमोजा घ्या. फवारणीचा जुना मोजा अजिबात नको, त्यात औषधाचा अंश असतो. नवा कोरा घ्या. त्यात कापूस गच्च भरा, बोटांत पेन्सिली घातल्या तर ती सरळ राहतात. माणसाला टेबलाशी बसवा. त्याचा डावा हात टेबलावर पालथा ठेवा आणि त्याच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्याचं खोकं उभं करा, म्हणजे स्वतःचा हात त्याला दिसणार नाही. खोक्याच्या अलीकडे, त्याच्या नजरेसमोर, खऱ्या हातापासून 15 ते 20 सेंटीमीटरवर मोजा ठेवा. मोज्याची बोटं खऱ्या बोटांच्याच दिशेला हवीत. खांद्यापासून मोज्याच्या मनगटापर्यंत टॉवेल किंवा रुमाल टाका, म्हणजे तो हात अंगातूनच निघाल्यासारखा दिसतो.

आता दोन सारखे रंगाचे ब्रश घ्या. एक खऱ्या तर्जनीवर, दुसरा मोज्याच्या तर्जनीवर, एकाच क्षणी, एकाच दिशेने, साधारण सेकंदाला एकदा फिरवा. त्याने नजर मोज्यावर ठेवायची. पुष्कळांना दोन मिनिटांच्या आत वाटू लागतं की ब्रश जिथे दिसतोय तिथेच जाणवतोय आणि मोजा हाच आपला हात आहे. मग त्याला डोळे मिटायला सांगा आणि उजव्या हाताने टेबलाखालून डावी तर्जनी कुठे आहे ते दाखवायला सांगा. बोट खऱ्या जागेपेक्षा मोज्याकडे सरकलेलं असतं. हे सरकणं पट्टीने मोजता येतं.

प्रयोग फसतो तो सहसा चार कारणांनी. ब्रश मागेपुढे झाले तर फसतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतका उशीरसुद्धा पुरेसा होतो. मोजा 30 सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब असेल तर परिणाम कमी होतो. मोजा आडवा ठेवला किंवा उजव्या हाताचा घेतला तरी मेंदू तो मानत नाही. आणि हाताऐवजी लाकडाचा तुकडा ठेवला तरी जमत नाही. मेंदू वाटेल ते स्वीकारत नाही, हाताची घडण, दिशा आणि वेळ तिन्ही तपासतो. काही माणसांना मात्र सगळं नीट करूनही काही वाटत नाही. ज्याला आधीपासून मिरगी आहे किंवा असे अनुभव येतात त्याच्यावर हा खेळ करू नका.

2007 मध्ये हेच पूर्ण शरीरावर करून पाहिलं गेलं. हेनरिक एअरसन यांनी माणसाला खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर पडदे असलेला चष्मा लावला आणि त्याच्याच पाठीमागे ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांचं चित्र त्यात दाखवलं. म्हणजे माणूस स्वतःची पाठ पाहत होता. एका काठीने त्याच्या छातीला टोचलं आणि त्याच क्षणी दुसरी काठी कॅमेऱ्यांच्या खाली, जिथे "छाती" असायला हवी तिथे, हलवली. माणसाला वाटू लागलं की आपण मागे बसलोय आणि समोर दुसरंच कुणी आहे. त्या रिकाम्या जागेवर हातोडा उगारला तर त्याच्या कातडीवर घामाची प्रतिक्रिया वाढली. आजार नाही, नशा नाही, निरोगी माणूस, फक्त दोन खबरा एका वेळी चुकीच्या जागी जुळवल्या.

दुसरा "मी" चार तऱ्हांनी येतो

इथे प्रत्येक तऱ्हेत फरक आहे, आणि हा फरक विचारला जात नाही ही आमची मोठी तक्रार आहे. "भास होतो" असं एकच लिहून काम भागत नाही.

पहिल्या तऱ्हेत माणूस स्वतःच्या शरीरातच असतो आणि समोर आपलीच आकृती दिसते, बहुतेक वेळा आरशात दिसावी तशी उलटी, कधी फक्त चेहरा आणि छातीपर्यंत, काही सेकंद. तिच्याबद्दल फार भावना नसते. ही तऱ्हा मुख्यतः नजरेची चूक असते आणि डोक्याच्या मागच्या भागातल्या, दृष्टी सांभाळणाऱ्या मेंदूच्या बिघाडाशी जोडलेली आढळते. अशा रुग्णाला एका बाजूचं कमी दिसतंय का, हे तपासलंच पाहिजे.

दुसरी तऱ्हा सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात जपण्याजोगी. इथे दुसरा समोर असतो, पण "मी" नक्की कोणात, हे ठरत नाही. कधी इथून पाहतोय असं वाटतं, कधी तिथून, कधी दोन्हीकडून. त्याच्या मनातलं आपल्याला कळतंय, तो आपलं ऐकतोय असं वाटतं, चक्कर येते, घाबरगुंडी उडते. अहिराणी बोलणारा माणूस हे सरळ सांगून जाईल: "मी आठेबी व्हतू, तठेबी व्हतू." प्रमाण मराठीत विचारलं तर तोच माणूस "काही नाही, जरा घाबरलो" म्हणून मोकळा होतो. म्हणून विचारायचं ते त्याच्या बोलीत: "तू कोठे व्हता?" या एका प्रश्नाने पहिली आणि दुसरी तऱ्हा वेगळी होते.

तिसरीत माणूस शरीराबाहेर, बहुधा वर छताजवळ असतो आणि खाली स्वतःला पडलेलं पाहतो. हा अनुभव साधारण 5 ते 10 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी येतो, आणि बहुतेकांना तो आडवं पडलेलं असताना येतो. चौथीत दिसत काहीच नाही. मागे किंवा बाजूला कुणीतरी आहे एवढंच पक्कं जाणवतं. थकवा, उंच डोंगर, एकटेपणा, पार्किन्सनचा आजार, या सगळ्यांत ही चौथी तऱ्हा आढळते. चकव्याच्या काही गोष्टींच्या मुळाशी ती असावी असं आम्हाला वाटतं.

अंगात येणं हे यापेक्षा वेगळं आहे. खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवात किंवा जत्रेत एखाद्या बाईच्या अंगात येतं तेव्हा शरीर एकच असतं आणि त्यात दुसरं कुणी बोलतंय असं मानलं जातं. दुसरं रूप दिसण्यात "मी" एकच असतो आणि जागा दोन होतात. दोन्ही एकाच टोपलीत टाकले तर रुग्णाचं निदान हुकतं.

कानाच्या वर, थोडं मागे

ही खबर जुळवणारी जागा कुठे आहे हे 2002 मध्ये जिनिव्हात जवळजवळ योगायोगाने सापडलं. ओलाफ ब्लँके आणि सहकारी मिरगीच्या 43 वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीचा मेंदू शस्त्रक्रियेआधी तपासत होते. ती पूर्ण जागी होती. उजव्या कानाच्या वर आणि किंचित मागे असलेल्या एका वळीला त्यांनी अगदी सौम्य वीज दिली. 2 ते 3 मिलिअँपिअरला ती म्हणाली, पलंगात बुडतेय, उंचावरून पडतेय. 3.5 मिलिअँपिअरला ती छताजवळ पोचली आणि खाली पलंगावर स्वतःला पाहू लागली, पण फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. वीज बंद, अनुभव बंद. त्याच जागी आणखी थोडी वीज देऊन पायांकडे बघायला सांगितलं तर पाय आखूड होताना दिसले, आणि गुडघे वाकवलेले असतील तर ते वेगाने तोंडावर येतायत असं वाटून ती मागे सरली.

आधी तोल बिघडला, मग जागा सुटली, मग शरीराचं मापही बदललं. एकाच ठिकाणी, विजेच्या कमीजास्त प्रमाणाने. आतल्या कानाची खबर, नजर आणि स्पर्श तिथे एकत्र येतात. आडवं पडल्यावर तोलाची आणि तळपायांची खबर नेहमीपेक्षा वेगळी आणि दुबळी असते, त्यामुळे शरीराबाहेर गेल्याचा अनुभव पलंगावर जास्त का, हेही समजायला मदत होते.

2006 मध्ये याच गटाने 22 वर्षांच्या दुसऱ्या एका रुग्ण मुलीच्या डाव्या बाजूची तीच जागा तपासली. ती आडवी असताना तिला वाटलं खाली सावलीसारखा माणूस आडवा आहे. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तर तो मागे बसून तिला मिठी मारत होता. ती हातात कार्ड धरून वाचू लागली तर तो कार्ड हिसकावू पाहत होता. दर वेळी त्याची स्थिती तिच्याच स्थितीची नक्कल होती, आणि तो परका आहे असं तिला वाटत होतं. मागे कुणीतरी उभं असल्याचा भास कुठून येतो याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर आम्हाला माहीत नाही: ती आपल्याच शरीराची नोंद असते, फक्त हातभर सरकलेली.

कशामुळे होतं

मिरगी हे पहिलं तपासायचं कारण. प्रत्येक झटक्यात माणूस पडून हातपाय झाडतो असं नाही. मेंदूच्या एका कोपऱ्यातला झटका फक्त असा अनुभव, पोटातून वर चढणारी कळ, घाणेरडा वास किंवा "हे आधी घडलंय" अशी भावना देऊन जातो. आपल्याकडे झटक्यांमागे मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्या हे एक मोठं कारण आहे. तिची अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि दूषित पाण्यातून पोटात जातात, म्हणून आयुष्यात मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो.

त्याशिवाय अर्धशिशी, डोक्याला मार, मेंदूतली गाठ, पक्षाघात, मोठा ताप. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या वर जातो तेव्हा उष्माघातात माणूस बरळतो, भलतंच बघतो. अंग 40 अंशांच्या वर तापलेलं असेल तर आधी सावली, पाण्याने अंग भिजवणं, वारा आणि दवाखाना. नेहमी भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तर दोन ते चार दिवसांत जबरदस्त भास होऊ शकतात. धोत्र्याचं बी पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं आणि माणूस हवेत हात मारतो. यातलं कोणतंही घरी बघत बसण्यासारखं नाही.

झोपेचं वेगळं प्रकरण आहे. स्वप्नाच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून टाकतो, नाहीतर आपण स्वप्नात जे करतो ते खरंच केलं असतं. कधी मन आधी जागं होतं आणि ही सैलता मागे राहते. मग डोळे उघडे, अंग हलत नाही, छातीवर कुणी बसलंय, खोलीत कुणीतरी आहे. साधारण 8 टक्के लोकांना हे कधी ना कधी होतं. सेकंदांपासून दोन-एक मिनिटांत ते सुटतं. पूर्ण अंग हलवायची धडपड करू नका. पायाचं एक बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा, श्वास मोजा. पाठीवर झोपणं आणि झोप मोडणं ही दोन मोठी कारणं आहेत. सतत रात्रपाळीने पाणी भरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सलग झोप काढली आणि कुशीवर झोपला तर पुष्कळदा औषधाशिवाय हे कमी होतं.

आरशाचंही सांगायला हवं, कारण मुलं हा खेळ करतात. मंद दिव्यात स्वतःच्या चेहऱ्याकडे दहा मिनिटं टक लावून पाहिलं तर बहुतेकांना चेहरा वाकडा होताना किंवा परका दिसतो. एकाच जागी नजर खिळली की कडेचे भाग पुसट होतात आणि मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो. दिवा लावला की संपलं.

वहीत काय लिहायचं

अनुभव आल्यावर तासाभरात, विसरायच्या आत, लिहा किंवा फोनमध्ये बोलून ठेवा: तारीख, वेळ, किती सेकंद. उभे होता, बसले होता की आडवे. दुसरा डाव्या बाजूला होता की उजव्या. कपडे तेच होते का, हालचाल तीच करत होता का, पूर्ण दिसला की अर्धा. तो बोलला का, आणि काही करायला सांगितलं का. "मी" कुठे होतो. आधी चक्कर, वास, डोकेदुखी. नंतर गोंधळ, जीभ चावलेली, लघवी झालेली. आदल्या रात्री किती झोप, कोणतं औषध, कोणती गोळी चुकली. घरच्यांनी शक्य असेल तर व्हिडिओ काढावा. दोन मिनिटांच्या व्हिडिओचा डॉक्टरला पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोग होतो.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सुरुवात करता येते. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूतल्या विजेचा आलेख, सांगितला तर आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल लावू नका. तेलकट कातडीवर तारा नीट बसत नाहीत आणि आलेख बिघडतो. रात्री कमी झोपून यायला सांगितलं असेल तर ते पाळा, पण गाडी स्वतः चालवू नका. पहिला ईईजी स्वच्छ आला म्हणून मिरगी नाही असं ठरत नाही, कारण त्या अर्ध्या तासात बिघाड दिसेलच असं नसतं. एमआरआयआधी अंगातल्या कोणत्याही धातूबद्दल सांगा. दुसरा बोलतो, आज्ञा देतो, महिनोन्महिने राहतो आणि तो खरा आहे यावर ठाम विश्वास बसलाय, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञ हवेत. 14416 या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

घरच्यांची श्रद्धा असेल तर त्यांनी नारळ फोडावा, नवस बोलावा. त्यावर आमचं भांडण नाही. पण बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि झटका येणाऱ्याला धुरी दिली तर त्याचा श्वास अडकू शकतो. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108.

दुसऱ्या तऱ्हेला जपा असं वर म्हटलं, त्याचं कारण 1994 मध्ये पीटर ब्रुगर आणि सहकाऱ्यांनी झुरिकहून नोंदवलेल्या एका तरुणात दिसतं. त्याने मिरगीची गोळी मनाने कमी केली होती आणि बिअर प्यायला होता. उठून पाहतो तर पलंगावर आपणच झोपलेलो. त्याने त्या झोपलेल्याला हाका मारल्या, हलवलं, अंगावर उडी घेतली. कोणता खरा हे कळेना, तेव्हा दोघांना पुन्हा एक करण्यासाठी तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारून गेला. खाली झुडूप होतं म्हणून वाचला. नंतर त्याच्या डाव्या कानशिलाच्या बाजूच्या मेंदूत गाठ सापडली. त्याला मरायचं नव्हतं, त्याला एक व्हायचं होतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात अख्खं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपतं आणि पुष्कळ धाब्यांना कठडा नसतो. ज्याला असे अनुभव किंवा झटके येतात त्याची खाट खाली अंगणात किंवा ओसरीवर टाका, शेजारी एक जण झोपा. विहिरीवर आणि पाटावर त्याला एकटं पाठवू नका. मिरगीची गोळी सुरू असेल तर ती उपवासालाही चुकवायची नाही, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. कमी करायची झाली तर डॉक्टर हळूहळू, कित्येक महिन्यांत करतात.